डोशीच्या नाकावरचा शेंदूर

(इंदूमावशी सुरतेत कोसाडला आमच्या शेजारी राहतात. दुपारी भाजी निवडता निवडता त्यांनी हे सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. मधून मधून त्या अहिराणीत बोलत. त्यातलं थोडं तसंच ठेवलं आहे, बाकीचं मला जमेल तसं सोपं केलं. कुठे काही चुकलं असेल तर ते माझं, त्यांचं नाही.)

माझं माहेर तापीच्या काठचं, शिरपूर तालुक्यातलं, आणि आता राहते तीही तापीकाठीच, म्हणजे काय सांगू तुला बेटा, ही नदी काही माझी पाठ सोडत नाही. लहानपणी आम्ही धुणं घेऊन नदीवर जायचो तर माय म्हणायची, घाण करू नका गं, हे पाणी सुरतेला जातं. मला वाटायचं सुरत म्हणजे पाणी जिथे संपतं तिथलं गाव. मग लग्न झालं आणि मीही पाण्यासारखी इथेच येऊन पडले.

आमचे मालक, त्यांना सगळे बापू म्हणतात, मीही तुझ्यासमोर बापूच म्हणते, ते लग्नाआधीपासून सुरतेला. गावची बाकीची पोरं मागावर, दिवसभर खटखट खटखट, कानाने बहिरी झालेली, आणि हे एकटे ट्रकवर. माझ्या बापाला लोकांनी सांगितलं, पोऱ्या डायवर शे, म्हणजे जसा काही कलेक्टरच. लग्नानंतर मला सुरतेला आणली ती त्याच ट्रकमधून. जाताना कापड न्यायचे, येताना खानदेशातून कापसाच्या गाठी आणायचे, तर मागे कापूस आणि पुढे मी, नवी साडी, डोक्यावर पदर.

तो ट्रक कसा होता ते ऐक आधी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आताच्या गाड्यांसारखा नव्हता. ह्याला लांब नाक होतं, घोड्यासारखं, नाकाच्या टोकावर पितळेचा पक्षी, पंख पसरलेला. पुढची काच मधोमध दुभागलेली. केबिन लाकडाचं. पुढे उभं राहून हँडल मारलं की मग तो खोकायचा, थांबायचा, पुन्हा खोकायचा आणि चालू व्हायचा. विलायतेत बनलेला, बापू ज्या शेठकडे नोकरीला त्याच्या वडिलांनी घेतलेला, आणि बनवणारी कंपनी म्हणे कधीच बंद पडली. शेठ त्याला डोशी म्हणायचा, गुजरातीत डोशी म्हणजे म्हातारी. म्हणून मीही ट्रक म्हणत नाही, ती म्हणते. तिचं डावीकडचं दार दोरीने कायमचं बांधलेलं, आणि ड्रायव्हरचं दार असं होतं की नुसतं ओढून उघडायचं नाही, हँडल धरून अख्खं दार वर उचलायचं आणि मग ओढायचं. बापूंनी ते एका हाताने उचललं आणि मला आत चढवलं, तेव्हा मी मनात म्हटलं, माणूस ताकदीचा दिसतो. नंतर कळलं, ताकद काही नाही, सवय आहे.

कोंडाईबारीच्या घाटात एकदा तिचे ब्रेक गेले. मी नव्हते बरोबर, बापूच सांगतात. एका बाजूला दरी, एका बाजूला डोंगर, त्यांनी डोंगराला नाक घासवलं, घासवत घासवत थांबवली. बापूंना खरचटलं नाही. डोशीचं नाक मात्र बसलं, रंग उडाला, आतलं लोखंड उघडं पडलं. घरी आले तर जेवताना एकच म्हणाले, इंदे, आज तिने माझं तोंड वाचवून स्वतःचं पुढे केलं. बाकी काही नाही. हा माणूस बोलणारा नाही, इतकं बोलला म्हणजे खूप.

मग शेठने नव्या गाड्या घेतल्या. डोशीचे सुटे भाग कुठेच मिळेनात. भंगारवाल्याला बोलावलं तेव्हा बापू शेठसमोर जाऊन नुसते उभे राहिले, हात बांधून. शेठ हसला, म्हणाला, लई जा बापू, तारी डोशी छे, म्हणजे घेऊन जा, तुझीच म्हातारी आहे. ओढून आणली आणि भेस्तानला आमच्या चाळीपुढे रेल्वेच्या बाजूला मोकळी जागा होती तिथे उभी केली. दुरुस्त करीन म्हणाले. आता दुसऱ्याचा टेम्पो चालवून घरी आलेला माणूस कधी दुरुस्त करणार? ती उभी ती उभीच. पोरं आत लपाछपी खेळायची, बायका आरशाच्या दांडीला फडकी वाळत घालायच्या.

पावसाळ्यात त्या बसलेल्या नाकाला गंज धरला. बापूंनी रंगवाल्याकडून शेंदूर आणला आणि जवसाचं तेल. आता हे लिही नीट. लोखंडाला रंग देण्याआधी शेंदराचं अस्तर देतात, फाटकाला देतात, पुलाला देतात, त्याने गंज चढत नाही, हे रंगकाम करणाऱ्या कोणालाही विचार. माझं चांगलं पातेलं घेतलं त्यांनी त्यात कालवायला, ते मग परत स्वयंपाकात आलंच नाही. चाकांना आणि दांड्यांना त्यांनी मिळेल ते काळं तेल फासलं, पण नाकाला चांगला जाड हात दिला शेंदराचा, पक्ष्यासकट, म्हणाले, चार दिवस वाळू दे, मग वरून निळा रंग देतो. ते चार दिवस कधी संपलेच नाहीत, कारण टेम्पोवाल्याने त्यांना वापीला पाठवलं.

आणि इकडे सकाळी आमची रखमाजीजी उठली. रखमाजीजी म्हणजे आमच्या शेजारची, साक्री तालुक्यातली, मला मोठ्या जावेसारखी. ती पाण्याला निघाली आणि बघते तर समोर उंच, शेंदराने माखलेलं तोंड, दोन दिवे म्हणजे दोन डोळे. घागर खाली ठेवली आणि जमिनीवर डोकं टेकलं. मी धावत गेले, म्हटलं, जीजी, देव नही, रंग शे तो. ती म्हणाली, शेंदूर शे ना? म्हटलं, शेंदूर शे. मग देव काय वेगळा ऱ्हास का, म्हणजे वेगळा असतो का, म्हणाली. आता ह्याच्यावर मी काय बोलणार, तूच सांग, तू कॉलेजात जातेस.

बापू वापीहून आले तोवर नारळ फुटला होता, उदबत्त्या खोचल्या होत्या. ते चिडले, म्हणाले, अरे गाडी आहे ही, मला निळा रंग द्यायचाय. चाळीतले म्हणाले, देऊन बघा, बापू. कोण देणार? मग डोशीची डोशीमाय झाली. श्रावणात आमच्या खानदेशची देवी, कानबाई, नदीवर बोळवायला निघाल्या की बायका तिच्यासमोर थांबायच्या, फुगडी घालायच्या. आणि दर दसऱ्याला सगळे मिळून तिला तेल-शेंदूर चढवायचे. सगळ्या भक्तांत खूश एकटे बापू, मला हळूच म्हणायचे, इंदे, दरवर्षी फुकटचं अस्तर. ओळीत उभ्या असलेल्या दुसऱ्या बंद गाड्यांची चाकं गेली, दारं गेली, इंजिनं गेली. हिच्या एका नटाला कोणी हात लावला नाही. जागेचा मालक माणसं घेऊन आला होता काढायला, ती माणसंच चपला काढून पाया पडली.

मी? मला माहीत होतं ना. माझ्याच पातेल्यात कालवलेला शेंदूर. पण खरं सांगू, माझी पोर संगीता तापाने फणफणली होती तेव्हा दवाखान्यात जाता जाता माझे हात आपोआप जोडले गेले. माहीत असणं वेगळं, हात वेगळे.

मग ते प्लेगचं साल आलं. तू लहान असशील. अख्खी सुरत पळाली बाई, गाड्यांच्या टपांवर माणसं, कुलूप लावायलाही कोणी थांबेना. रखमाजीजीची सून दिवस भरलेली, तिला हलवता येईना. जीजी राहिली, म्हणून आम्हीही राहिलो. जीजीने सुनेला डोशीसमोर बसवलं आणि म्हणाली, आता तूच. सून सुखरूप बाळंत झाली, पोरगा झाला. त्यानंतर जीजीसमोर रंग हा शब्द काढायची सोय राहिली नाही.

पण त्या सालानंतर शहराची साफसफाई निघाली, रस्ते रुंद करायचे ठरले. आमच्या चाळीवर खुणा पडल्या. आम्हाला दुसरीकडे खोल्या मिळणार होत्या, म्हणून कोणी फार भांडलं नाही. पण डोशीचं काय? महापालिकेकडून सांगायला आलेला माणूस म्हणाला, मंदिर असेल तर हलवा, गाडी असेल तर आम्ही हलवू, सोमवारी. उचलून नेता येत नाही इतकी जड, म्हणून तिथेच गॅसने कापायची आणि तुकडे भंगारात. भंगारवाला येऊन बघूनही गेला. हात जोडले त्याने, पण बघून गेला.

बापूंचं जेवण तुटलं. मी वाढायची, ते ताट सरकवायचे. म्हणाले, गॅस लावला की लोखंड ओरडतं, तू ऐकलं नाहीस, मी ऐकलंय. माझ्या डोळ्यांदेखत नको, इंदे. एवढं कर, माझ्या डोळ्यांदेखत नको. आता मी काय करणार होते? पण ज्या माणसाने कधी काही मागितलं नाही, त्याने मागितलं.

आणि बघ कसं असतं. त्याच आठवड्यात एक पारशीबाबा आला, नवसारीकडचा, होमीशेठ. त्याला जुन्या गाड्यांचा नाद, मोडक्या आणायच्या, वर्ष वर्ष खपून पुन्हा होत्या तशा करायच्या. भेस्तानच्या गॅरेजवाल्याने त्याला सांगितलं होतं, एक गाडी आहे पण तिची पूजा होते. म्हातारा तिच्याभोवती फिरला, खाली वाकून चाकं बघितली, काचेची चौकट चाचपली, आणि मला म्हणाला, बेन, आ तो रतन होय एम लागे छे. रतन असेल असं वाटतं. पण नक्की नाही, म्हणाला. अशीच दिसणारी दुसरी गाडी खूप आली होती, त्या मिळतात. आणि एक अशी, की आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आज चालू एकही नाही. फरक कळतो तो पक्ष्याखालच्या पट्टीवर, तिथे इंग्रजीत नाव-नंबर कोरलेला असतो. ती पट्टी वाचली आणि तीच निघाली तर मी रविवारी ट्रेलर घेऊन येतो, अख्खी नेतो, एक खिळा कापणार नाही. नसेल तर माझ्याकडे जागा नाही, मला माफ करा. बापूंनी पक्षी बघितलेला, पट्टी बघितलेली, पण इंग्रजी कुठे येत होतं? आणि आता पट्टी शेंदराखाली, इतक्या दसऱ्यांच्या शेंदराखाली, भाकरीपेक्षा जाड थर.

म्हणजे अडचण कळली ना तुला? ज्या शेंदराने तिला इतकी वर्षं राखली, तोच आता आडवा आला. शेंदूर काढावा आणि ती नसली, तर देवही गेला आणि गाडीही गेली. न काढावा तर सोमवारी गॅस.

शनिवारी सगळे जमले. रखमाजीजी डोशीच्या पुढ्यात मांडी घालून बसली, नातू मांडीवर. म्हणाली, वाचाकरता मायनं तोंड खरडशात का? पट्टी वाचण्यासाठी आईचं तोंड खरडणार? एक जण म्हणाला, जीजी, सोमवारी ते कापणारच आहेत. जीजी म्हणाली, ते पाप त्यासनं, हाई आपलं. मी बापूंकडे बघितलं, म्हटलं, तुम्ही बोला. ते म्हणाले, मी काय बोलू, देव तुम्ही बायकांनी केला. मी म्हटलं, वा, शेंदूर कोणी लावला, माझं पातेलं कोणी घेतलं? लोक हसले. जीजी नाही हसली.

मग मला माहेरचा मारुती आठवला. आमच्या वेशीवरचा. वर्षानुवर्षं शेंदूर चढून चढून त्याची खोळ झाली होती, नाक-डोळे दिसेनात, आणि एका उन्हाळ्यात ती खोळ आपसूक सुटून पडली. गाव घाबरलं, मग म्हातारी माणसं म्हणाली, देवाने कात टाकली. खोळ पाटीत घेतली, वाजतगाजत नेली, तापीत सोडली. मी हे जीजीला सांगितलं. म्हटलं, जीजी, तेव्हा लोक म्हणायचे, जोवर नवा शेंदूर चढत नाही तोवर देव खोळीबरोबर नदीत. जीजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ती आपसूक पडली. खरडली नव्हती. खरं होतं तिचं.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं, खरडायचं नाही. तेल घालू. कढत तेलाचा अभिषेक. सुटली तर तिची मर्जी, नाही सुटली तर कोणी हात लावायचा नाही, आणि सोमवारी मी स्वतः बापूंना घेऊन गावी जाते. आणि तेल तू घालायचं, जीजी. पहिलं आणि शेवटचं.

जीजीने नातवाच्या तोंडावरून पदर फिरवला. मग नातवाला माझ्या मांडीवर दिला आणि उठली.

रविवारी सकाळी होमीशेठ ट्रेलर घेऊनच आला, म्हणाला, रिकामा न्यावा लागला तर रिकामा नेईन. आमच्या चुलीवर तेल तापवलं, त्याच त्या पातेल्यात. जीजी स्टुलावर चढली, वाटीवाटीने वरून सोडत राहिली. तेल वाहून जायचं, खाली माती लाल व्हायची, आणि खोळ जशीच्या तशी. दुसरं पातेलं तापवलं. ऊन डोक्यावर आलं. लोक एकेक करून सावलीला सरकले. होमीशेठ घड्याळ बघायचा आणि मग लाजून हात खिशात घालायचा. बापू तर तिच्याकडे पाठ करून उभे. मला वाटलं झालं, आपण तोंडाने बोललो आणि आता ह्या माणसाला तोंड कसं दाखवू.

आणि एक बारीक आवाज आला. पापड मोडतो तसा. वरच्या कडेला भेग पडली, जीजीने वाटी टाकली आणि पदर पसरला, आणि ती खोळ, काय सांगू बाई, अख्खी, नाकाच्या आकाराची, तिच्या पदरात येऊन पडली. जीजी पडता पडता वाचली. एकच म्हणाली, सुटनी व माय. मी नही, तीच सुटनी.

खाली पक्षी होता. पितळ पिवळंधम्मक. त्या बसलेल्या जागेच्या आजूबाजूला जुना निळा रंग, काल दिल्यासारखा. बाकी अंग गंजलं होतं तिचं, पत्रे कुजले होते, पण तोंड तसंच. होमीशेठने चष्मा पुसला, पट्टीला नाक लावलं, बोट फिरवलं, आणि तिथेच तेलातल्या मातीत बसला पांढऱ्या पँटीनिशी. एज छे, तीच आहे, म्हणाला. एज छे. तेव्हा बापू वळले. किंमत काय घ्याल म्हणून त्याने विचारलं तर बापू म्हणाले, कापू नका, बस.

मला तिला जाताना बघायला मिळालं नाही. आम्ही बायका टेम्पोत बसून खोळ घेऊन तापीवर गेलो, कानबाईची गाणी म्हणत, पण कोणाचा आवाज वर चढत नव्हता. जीजीने खोळ पाण्यात सोडली, ती जड, लगेच बुडाली. जीजी म्हणाली, गई. आणि घरी परत येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

ती अजूनही मोकळी बोलत नाही. इथेच पुढच्या गल्लीत राहते, समोरून आली की हसते, पण हळदीकुंकवाला बोलावलं तर येत नाही. नातू मोठा होतोय, त्याला साधा खोकला झाला तरी मला वाटतं, आता ही काय म्हणेल. काही म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

होमीशेठचा शब्द खरा. वर्ष उलटून गेलं आणि त्याने गाडी पाठवली, या बघायला. आम्ही दोघं गेलो. त्याच्या शेडमध्ये ती उभी. निळी, चमकणारी, लाकूड नवं, काचा नव्या, बाक काढून नाक सरळ केलेलं. मी ओळखलीच नाही. हँडल मारलं, तर न खोकता चालू झाली. होमीशेठ म्हणाला, बापू, बेसो, तमारी डोशी छे. बापू पुढे झाले, हँडल धरलं आणि दार वर उचललं, सवय ना ती, तर दार हलकं, अलगद उघडलं, आणि बापूंचा हात तसाच वर राहिला, हवेत. मग हात खाली घेतला, म्हणाले, चांगलं केलंय. आत काही बसले नाहीत. येताना गाडीत मी विचारलं, वाईट वाटलं का? ते म्हणाले, वाईट कशाला, कापली तर नाही. मग पुलावर आल्यावर म्हणाले, तिला घाट आठवत नसेल आता.

तर असं आहे. तिथून आता रुंद रस्ता गेलाय, ट्रक धाडधाड जातात, कोणाला माहीतही नाही तिथे काय होतं. आम्ही इथे कोसाडला. खोली चांगली आहे, नळ आहे, फक्त दार लोखंडी, आणि खालून गंजायला लागलं. परवा मी बाजारातून आले तर बापू खाली बसून शेंदूर लावतायत दाराला, तेच पातेलं, देवा! मी पिशवी टाकली, म्हटलं, अहो, काय करताय, वरून हिरवा रंग द्या, आजच्या आज, नाहीतर उद्या इथे नारळ फुटेल. ते हसले बाई, कितीतरी दिवसांनी हसले, आणि उठून रंगाचा डबा घेऊन आले.

दिला हिरवा. बघ, कळतं का काही? नाही कळत. पण मला ठाऊक आहे ना खाली काय आहे. उंबरा ओलांडताना माझा हात तिथे टेकतोच. संगीता म्हणते, आई, दाराला काय पाया पडतेस. मी म्हणते, पाया नाही गं, गुडघे दुखतात, आधार घेते.

जा आता, दिवेलागण झाली, तुझी आई वाट बघत असेल. खूप शीक बेटा. आणि जाताना दार हळू ओढ, रंग कच्चा आहे अजून.